वृद्धसेवा : धम्मातला इतिहास आणि आपल्या हातचे काम

बहुतेक विहारांच्या भिंतीवर एक चित्र हमखास असते. रथात बसलेला राजपुत्र सिद्धार्थ, पुढे छन्न सारथी, आणि रस्त्याच्या कडेला काठी टेकत उभा असलेला, कमरेत वाकलेला म्हातारा. त्याला पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले आणि त्यांनी घर सोडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परमपूज्य बाबासाहेबांना मात्र ती पटली नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच त्यांनी सरळ प्रश्न टाकला आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, आजारी पाहिला नव्हता, प्रेत पाहिले नव्हते, हे कोणाच्या बुद्धीला पटेल? गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखवले आहे.

ज्या अर्थी म्हातारा पाहून तथागत पळाले नाहीत, त्या अर्थी म्हाताऱ्यांविषयी त्यांनी काय केले, हे बघितले पाहिजे. आम्ही काही पालीचे पंडित नाही. पण वर्षावासात भन्तेजींच्या तोंडून जे ऐकले आणि मराठीत मिळाले ते जे वाचले, त्यावरून या स्मरणिकेसाठी चार गोष्टी मांडतो. शेवटी आपल्या वणीच्या मंडळींचे काम आणि त्यावरून विहारात झालेला वाद, तोही सांगणार आहोत.

विनयपिटकाच्या महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आणि आनंद विहारातून फेरी मारत तिथे आले. तुझ्याकडे कोणी बघत का नाही, असे विचारले तर तो म्हणाला, मी इतरांच्या कामी पडलो नाही म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. मग काय, तथागतांनी उपदेश सुरू केला? नाही. आनंदाला पाणी आणायला पाठवले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. संघाला जे सांगायचे ते त्यानंतर सांगितले. इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? आणि माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात तथागतांची आजाऱ्यांविषयीची ही कळकळ घेतली आहे.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. पथ्य काय, कुपथ्य काय हे कळावे. लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस वाटू नये. आणि आजाऱ्याचे मन धम्माच्या बोलण्याने प्रसन्न करता यावे. चौथा गुण पुन्हा वाचावा. अडीच हजार वर्षांपूर्वी तो नियम म्हणून सांगितला गेला. आजारी कसा असला म्हणजे सेवा अवघड जाते, तेही सांगितले आहे : औषध घेत नाही, दुखणे खरे सांगत नाही, खाण्यात माप ठेवत नाही. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांची यादीच वाटते की नाही? आणखी एक बारकावा असा की आजारी भिक्खू वारला तर त्याचे चीवर आणि पात्र सेवा करणाऱ्यांना द्यावे असे ठरले. सेवा करणाऱ्याच्या कष्टाला संघाने मोल दिले. नुसते पुण्य मिळेल म्हणून सोडून दिले नाही.

म्हाताऱ्यांविषयी तर किती कथा! श्रावस्तीचा राध नावाचा गरीब म्हातारा ब्राह्मण विहाराच्या आश्रयाला येऊन राहिला. गवत काढी, झाडलोट करी, पडेल ते काम करी. भिक्खू त्याला जेवू घालीत, पण दीक्षा द्यायला कोणी तयार होईना. तो झुरून वाळला. तथागतांनी विचारले, याचे उपकार कोणाला आठवतात काय? सारिपुत्त म्हणाले, यांनी एकदा मला पळीभर भात वाढला होता. तेवढ्या पळीभर भातावर राधाला संघात घेतले गेले. खुद्द तथागत म्हातारे झाले तेव्हाची एक नोंद आहे. पूर्वारामात संध्याकाळच्या उन्हात ते बसले आहेत, आनंद त्यांचे हातपाय चोळतो आहे आणि म्हणतो आहे, कातडीला सुरकुत्या पडल्या, पाठ पुढे झुकली. तथागत त्याला नाही म्हणत नाहीत. आणि ऐंशीव्या वर्षी तर त्यांनी स्वतःच्या देहाला दोऱ्या-वाद्या बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. बैलगाडी ज्याने हाकली त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आता एक समजूत खोडायची आहे. "वृद्धाश्रम हे इंग्रजी खूळ आहे, पूर्वी आपल्याकडे असं नव्हतं," असे पारावर, लग्नात, भाषणात सगळीकडे ऐकू येते. पूर्वी आश्रम नसतील, पण म्हाताऱ्यांना घराबाहेर काढणे होते. संयुत्त निकायात श्रावस्तीचा एक धनवान ब्राह्मण फाटक्या वस्त्रात तथागतांकडे येतो. चार मुलांनी बायकांच्या संगनमताने त्याला बाहेर काढलेले असते. तथागत त्याला काही गाथा पाठ करायला लावतात आणि भरसभेत मुलांसमोर म्हणायला सांगतात. आशय असा की या मुलांपेक्षा माझ्या हातातली काठी बरी, ती बैल हाकलते, कुत्रे हाकलते, अंधारात पुढे होते, पाय घसरला तर सावरते. सभेत लाज गेली तेव्हा मुलांनी बापाला घरी नेले. जातककथांत तक्कल जातक आहे. बायकोच्या सांगण्यावरून एक माणूस म्हाताऱ्या बापाला पुरायला मसणात खड्डा खणतो. सात वर्षांचा नातू शेजारी दुसरा खड्डा खणू लागतो. कशाला रे? तर बाबा, तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा तुमच्यासाठी. आणि थेरी सोणा! दहा लेकरांची आई. मालमत्ता वाटून दिली आणि पोरांनी पाठ फिरवली. उतारवयात ती भिक्खुणी संघात आली आणि अर्हत झाली. मराठी घरातल्या कोणत्याही म्हातारीला ही कथा ऐकवा, ती डोळ्याला पदर लावील.

म्हणजे म्हाताऱ्यांचा छळ जुना आहे आणि घराबाहेर त्यांना आसरा देणेही जुनेच आहे. तो पहिला आसरा संघ होता.

पुढे सम्राट अशोकाने हे राज्यकारभारात आणले. त्याच्या आठव्या शिलालेखात धम्मयात्रेचे वर्णन आहे. शिकारीच्या सहली बंद केल्या आणि यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटणे, वृद्धांना भेटणे, त्यांना द्रव्य देणे, खेड्यातल्या लोकांशी बोलणे सुरू केले. याच लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडला. अक्षरे थोडीच उरली आहेत, पूर्ण मजकूर गिरनार वगैरे ठिकाणी वाचायला मिळतो. पाचव्या लेखात धम्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमल्याचे आहे आणि त्यांच्या कामात अनाथ व वृद्धांचे हित येते. पाचव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान पाटलिपुत्राविषयी लिहितो की तिथे धनिकांनी औषध-दानाची घरे चालवली होती. गरीब, निपुत्रिक, अपंग तिथे जात, वैद्य त्यांना तपासत आणि बरे होईपर्यंत खायला मिळे. आपल्यापासून जवळच भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. तिथे गेलो की आम्ही पोरांना सांगतो, दगडात कोरलेल्या या खोल्या नुसत्या ध्यानाच्या समजू नका. इथे कोणीतरी म्हातारा होत होता आणि कोणीतरी त्याचे पाय दाबत होता.

मधला मोठा काळ आम्ही ओलांडतो. धम्म या भूमीवरून हटला, आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची झोपडी व बलुत्याची भाकर राहिली. एकोणिसाव्या शतकात पुण्याला डेव्हिड ससून यांच्या नावाने अनाथ-पंगूंसाठी गृह झाले. त्याला आज निवारा म्हणतात. कामगारांच्या बाबतीत आमच्या मनाला लागणारी गोष्ट नागपूरची आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्या मिलने १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड काढला. मालकाने काढला हे खरे, पण म्हातारा झालेला कामगार म्हणजे झिजलेला पट्टा नव्हे, एवढे तरी कबूल झाले. ती मिल १९८६ साली सरकारकडे आली आणि २००२ साली बंद पडली.

यापुढे बाबासाहेबांचा मोठा उपकार आहे, आणि तो फार कमी सांगितला जातो. संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, आजारपण, अपंगत्व यांच्या सोबत वार्धक्य हा शब्द आहे. या अवस्थेत माणसाला सरकारी मदतीचा हक्क मिळावा, अशी तरतूद राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे ते कलम सांगते. ऐपतीचा शब्द घातल्याने सरकारे पळवाट काढतात ही गोष्ट वेगळी. तरी त्यानंतर जे जे आले, १९८० ची संजय गांधी निराधार योजना, १९९५ ची राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन, श्रावणबाळ योजना, त्याचे मूळ तिथे आहे. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही त्यातलाच. मुले पोसत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज देता येतो, वकील लागत नाही. त्यासाठी यवतमाळला धावावे लागत नाही, उपविभागीय कचेरी वणीतच आहे.

कारखान्याच्या कामगारांना १६ नोव्हेंबर १९९५ पासून पेन्शन योजना लागू झाली आणि २०१४ मध्ये तिची किमान रक्कम १,००० रुपये ठरली. हजार रुपयांत म्हाताऱ्याचे काय होते ते ज्यांनी ठरवले त्यांना विचारावे. आणि तेही ज्याचे नाव हजेरीपटावर लागले त्याला. आमच्या जिनिंग-प्रेसिंगचे काम दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. रुईच्या धुळीत फुप्फुसे भरतात, गठाणी उचलून कंबर जाते. ठेकेदाराच्या वहीतला माणूस फंडाच्या कागदावर येतोच असे नाही. असा हमाल सत्तरीला आला, बायको वारली, पोरगा पुणे-सुरतकडे गेला, मग तो कुठे जाणार? म्हणून आम्ही म्हणतो, वृद्धाश्रमातले लोक परके नाहीत. त्यांत आपलेच मजूर आहेत.

आपल्या टापूत या कामाची जिवंत शाळा वर्धा नदी ओलांडली की आहे. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि आनंदवन उभे केले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण तिथे येऊन राहिले आणि त्यांनी गवंडीकाम केले. बरे झालेले कुष्ठरोगी म्हातारे होत गेले. बोटे झडलेली, दृष्टी गेलेली, घरचे परत न्यायला तयार नाहीत. त्यांच्यासाठी आनंदवनात स्नेहसावली आहे. बाबा आमटे गेले ते ९ फेब्रुवारी २००८ रोजी. गांधीवादी मंडळींशी आमचे विचार सगळे जुळतात असे नाही, पण एकेकाळच्या रोग्याने दुसऱ्या रोग्याचा म्हातारपणी सांभाळ करावा, ही गोष्ट महावग्गातल्या त्या खोलीपासून फार लांब नाही. आपल्याच जिल्ह्यात आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे संत दोला महाराजांच्या नावाचा वृद्धाश्रम आहे. १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रम योजना काढली, त्यातूनही काही जिल्ह्यांत इमारती झाल्या. इमारती झाल्या, पण हात कमी पडतात.

त्या हातांविषयीच आता बोलायचे. आमचा दहा-बारा जणांचा जथा आहे : जिनिंगमधले, दाल मिलमधले, एक-दोन कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आणि महिला मंडळाच्या सहा-सात उपासिका. महिन्यातून एका रविवारी आम्ही ठरलेल्या वृद्धाश्रमात जातो. नाव घालत नाही, कारण तिथल्यांना त्यांचे घर छापून आलेले आवडत नाही. पहिल्या खेपेला तिथल्या व्यवस्थापकाने आम्हाला विचारले, "केळी आणली काय? फोटो कुठं काढता?" त्याचा दोष नाही. जयंत्या आल्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की फळवाटप होते. एकाच दिवशी तीन पार्ट्या केळी घेऊन येतात, मग पुढचे दोन महिने कोणी फिरकत नाही. म्हाताऱ्यांना दात नाहीत आणि सफरचंद वाटतात! आम्ही नेतो ते खोबरेल तेल, नखे काढायची कात्री, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यांचे तुकडे, दाढीचे सामान. आंघोळ घालणे, पाठ चोळणे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणे, पायाची नखे काढणे. नखांचे काम सर्वांत मोठे. म्हाताऱ्याचे नख शिंगासारखे जाड होते, गरम पाण्यात अर्धा तास पाय ठेवल्याशिवाय कात्री लागत नाही. त्या अर्ध्या तासात तो बोलतो. कोणी चांद्याच्या १९५६ च्या दीक्षेची गोष्ट सांगतो. १६ ऑक्टोबरला तिथे किती गर्दी होती, कोणाच्या बैलबंडीत बसून गेलो होतो. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची असलेली ती पिढी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांच्या तोंडून ऐकलेले कान आता फार थोडे उरले.

सगळेच गोड नाही. एका आजीने आमच्या उपासिकेला पहिल्याच दिवशी विचारले, "बाई, आडनाव काय तुमचं?" आडनाव ऐकल्यावर पाण्याचा पेला बाजूला ठेवला. उपासिका काही बोलल्या नाहीत, पुढच्या खाटेकडे गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. त्या आजी अजूनही त्यांच्या हातचा भात घेत नाहीत, पण केस विंचरून घेतात. उवा झाल्या होत्या, तेल लावून वेणी घालून घेतात आणि नातवंडांची नावे सांगतात.

हे विहारात कळले तेव्हा वाद पेटला. एका शिकलेल्या तरुणाने बैठकीत उभे राहून विचारले, "१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणं सोडा म्हणून सांगितलं. आपल्या आज्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडलं. आता तुम्ही ज्यांनी आपल्याला शिवून घेतलं नाही त्यांचे संडास धुवायला जाता? याला सेवा म्हणता?" बैठकीत कोणी बराच वेळ बोलले नाही. प्रश्न खोटा नव्हता. आम्हीही तो मनात अनेकदा घोळवला आहे.

आमचे उत्तर असे. गावकीचे काम आपण स्वतः घेतले नव्हते. जन्माने ते अंगावर टाकले होते, नाही म्हटले तर मार होता, आणि ते दुसऱ्याने केले तर तो बाटत होता. म्हणून ती गुलामी. महावग्गातला तो भिक्खू धुताना पाणी ओतणारा हात शाक्य कुळातला होता आणि त्याला कोणी हुकूम केला नव्हता. गाडगेबाबा गावोगाव आधी हातात खराटा घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्यांच्या खराट्याला कोणी बलुते म्हणाले नाही. पण आम्ही त्या तरुणाची एक अट मान्य केली. वृद्धाश्रमात जो सफाई कामगार पगारावर आहे, त्याचे काम आम्ही फुकट करून त्याच्या पोटावर पाय आणायचा नाही. आणि आमच्या जथ्यात दुसऱ्या समाजाची माणसे यावीत म्हणून आम्ही आठवडी बाजारात, कॉलेजात जाऊन सांगायचे. आजवर तिघे आले. एक मास्तर, एक शिंपी, एक न्हावी. न्हावीदादा आले तेव्हापासून दाढ्या नीट होतात.

तो तरुण स्वतः कुठल्या कामाला लागला तेही सांगतो. वृद्धाश्रमात निम्म्या लोकांची पेन्शन अडलेली होती. श्रावणबाळची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली, पण ती हातात यायला वयाचा पुरावा हवा, उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला हवा, दरवर्षी हयातीचा दाखला हवा. शाळेत कधी पाय ठेवला नाही त्याच्याकडे वयाचा पुरावा कुठला? आधार कार्डावर सर्वांची जन्मतारीख एक जानेवारी, आणि वर्ष कारकुनाने अंदाजे टाकलेले. अंगठा लावायला गेले तर यंत्र घेत नाही. चाळीस वर्षे सरकी, चुना, विटा हाताळलेल्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नाहीत. म्हातारा यंत्रावर बोट दाबून दाबून थकतो आणि कारकून म्हणतो, उद्या या. त्या पोराने डोळ्याच्या बुबुळावर आणि चेहऱ्यावर ओळख पटवायची सोय कुठे आहे ते शोधले. डॉक्टरकडून वयाचे दाखले काढले, तहसीलचे अर्ज भरले, पोच घेतल्या आणि एक वही घातली. वहीत सव्वीस नावे आहेत. नऊ जणांची रक्कम सुरू झाली, दोघे वाट बघता बघता वारले, बाकीचे टेबलावर आहेत. आंघोळीच्या कामाला तो अजून हात लावत नाही, आणि आम्हीही त्याला म्हणत नाही.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. यंदा त्या तीन महिन्यांत दर रविवारी जायचे ठरले आहे. सकाळी आठला विहारासमोरून गाडी निघते, भाडे आपसात वाटून घेतो. सुती कापड, खोबरेल आणि मोठ्या पात्याच्या दोन कात्र्या कमी आहेत. बायका आणखी चार तरी हव्यात. पुरुषांच्या बाजूला अर्धांगवायूचे तिघे आहेत, त्यांना उचलायला दोन दणकट माणसे लागतात आणि आमच्यापैकी बहुतेकांच्या कमरा गठाणींनी आधीच खाल्ल्या आहेत. ज्यांच्या घरी जुना चष्मा पडून असेल त्यांनी तो नंबराची चिठ्ठी लावून विहारात आणून द्यावा.